अस्तर विरलंय, ताई

नमस्कार ताई,
मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वय ४८. घरीच शिवणकाम करते. दोन लेकरं, धाकट्याच्या वेळीच ऑपरेशन झालं. दीड वर्षापासून पाळी मागंपुढं व्हायली होती, पोळ्यानंतर आलीच नाही. सुटले म्हणलं. पण आता खाली अशी आग व्हायलीय की मशिनीवर तासभर बसवत नाही. लघवीला गेलं की झोंबतं. मालकांजवळ जायचं म्हणलं की अंगावर काटा येतो. आत चिरल्यागत होतं, एकदा नंतर थोडं रक्तही दिसलं. म्हणून मी सासूबाईंच्या खोलीत झोपायले, त्यांचे पाय दाबायचं निमित्त. मालक काही बोलत नाहीत, पण परवा म्हणाले, "तुझं मन उडालंय माझ्यावरून." इथल्या डॉक्टरांनी लघवीचं इन्फेक्शन म्हणून तीनदा गोळ्या दिल्या. आठ दिवस बरं, पुन्हा तेच. शेजारच्या काकूंनी तुरटीच्या पाण्यानं धुवायला सांगितलं, महिनाभर केलं, जास्तच झालं. जाऊबाई म्हणतात उष्णता आहे, पिशवी काढून टाक, त्यांनी काढलीय. काहीतरी मलम मिळंल म्हणून मेडिकलवर दोनदा गेले. गल्ल्यावर माझ्या वर्गमैत्रिणीचा मुलगा. दोन्ही वेळा खोकल्याचं औषध घेऊन परत आले. घरात कुणालाच खोकला नाही. हा कॅन्सर तर नसंल? का उष्णताच? पिशवी काढली तर सुटंल का?
— एक वाचक

ताई,

तुमच्या प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना छातीत धडधड नको. पिशवी काढायची नाही. कॅन्सरची शक्यता कमी आहे, पण संबंधानंतर रक्त दिसलंय, तेव्हा एकदा टेबलावर झोपून तपासून घ्यायचंच, त्यात सवलत नाही. आणि उष्णतेचं म्हणाल तर सब्जा घ्या, धनेजिऱ्याचं पाणी घ्या, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते बरंच असतं. तुमच्या आगीवर मात्र त्याचा उपयोग नाही.

तुम्ही शिवता, म्हणून तुम्हाला हे समजावणं मला सोपं आहे. योनीमार्गाला, जुन्या बायका ज्याला मायांग म्हणतात त्याला, आतून अस्तर असतं. तरुण वयात हे अस्तर जाड आणि ओलसर असतं आणि त्याला आडव्या चुण्या असतात. चुण्या कशासाठी ठेवतात ते तुम्हाला मी काय सांगू? ताण आला की कापड उलगडावं, उसवू नये. तुमची दोन्ही लेकरं या चुण्या उलगडूनच बाहेर आली. अस्तर जाड ठेवायचं काम इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन करतं आणि ते मुख्यतः अंडाशयात तयार होतं. चाळिशी ओलांडली की अंडाशयाचं काम मंदावतं. इस्ट्रोजेन काही वर्षं वरखाली होत राहतं, मग खालीच जातं. अस्तर विरतं, चुण्या सपाट होतात, ओल आटते. विरलेल्या कापडाला जरा ओढ बसली की काय होतं हे तुम्ही रोज बघता. तसंच तिथं बारीक चिरा पडतात. ते रक्त बहुधा त्यातलंच, पण बहुधावर थांबायचं नाही, त्याचं पुढं सांगते.

आता लघवी. या अस्तरात चांगले जंतू राहतात, दह्यातल्या विरजणाच्या भाऊबंदांपैकी. अस्तरातली साखर खाऊन ते आंबटपणा तयार करतात आणि त्या आंबटपणात बाहेरचे वाईट जंतू टिकत नाहीत. पीएचच्या मोजपट्टीवर तरुण वयात हा आकडा साधारण ३.८ ते ४.५ असतो. इस्ट्रोजेन कमी झालं की तो ५ च्या वर जातो, म्हणजे आंबटपणा गेला आणि राखणदारही गेले. लघवीच्या नळीचं तोंड अगदी शेजारी, आणि तिचं अस्तरही याच हार्मोनवर जगणारं. म्हणून कोरडेपणा आणि लघवीची आग या दोन तक्रारी जोडीनं येतात. डॉक्टर पूर्वी याला योनीचं सुकणं एवढंच म्हणायचे. २०१४ मध्ये तज्ज्ञांनी नावच बदललं आणि लघवीच्या तक्रारी त्यात धरल्या.

तुमच्या तीन कोर्समधला एखादा खऱ्या इन्फेक्शनसाठी असेलही. पण कल्चर केलं होतं का? म्हणजे लघवी लॅबमध्ये दोन दिवस ठेवून कुठला जंतू वाढतो ते पाहिलं होतं का? पुढच्या वेळी गोळी सुरू करायच्या आधी डब्बी द्या आणि कल्चर हवं असं स्पष्ट म्हणा. काही वेळा जंतू नसतोच. लघवी बाहेरच्या विरलेल्या कातडीला लागते आणि झोंबते, आणि आपण मात्र अँटिबायोटिक गिळत राहतो, त्यानं उरलेसुरले चांगले जंतूही मरतात. साखरही तपासा, उपाशीपोटीची. मधुमेहाची पहिली खूण खालची खाज असलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्यात. आणखी एक, तुम्ही लिहिलेलं नाही पण विचारते: बाजारात किंवा लग्नकार्याला जायचं म्हणून सकाळपासून पाणी पीत नाही ना? आपल्या बायका बसस्टँडवरचं संडास टाळण्यासाठी तहान मारतात. त्यानं लघवी घट्ट होते आणि दुप्पट झोंबते.

पाळी पूर्ण गेली असं तुमच्याबाबतीत अजून म्हणता येणार नाही. सलग १२ महिने आली नाही तरच तसं म्हणायचं. पोळ्याला धरून तुमचे जेमतेम पाच झालेत, मध्येच एखादी येईलही. तुमचं ऑपरेशन झालंय, म्हणून दिवस राहायची काळजी नाही. ज्यांचं झालेलं नाही त्यांनी पन्नाशीच्या आत असतील तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं काळजी घ्यायची. "आता कुठं राहतंय" म्हणत ४५ व्या वर्षी दचकलेल्या बायका माझ्याकडं येऊन गेल्यात.

आता जे सांगायला मी हे उत्तर लिहायला बसले ते सांगते. गरम वाफा, घाम, रात्रीची तगमग हे बहुतेकींचं काही वर्षांत ओसरतं. सोसलं तरी ओसरतं. कोरडेपणा तसा ओसरत नाही. उपचार केला नाही तर वर्षागणिक वाढतो. आणि आपण बायका नेमकं हेच सोसायला घेतो, कारण याला चारचौघांत नाव नाही. गेल्या उन्हाळ्यात एक आजी आल्या, साठीच्या. कंबर दुखते म्हणाल्या, कंबर तपासली, गोळ्या लिहिल्या. त्या बाहेर गेल्या, चपला पायात सरकवल्या, आणि पडदा पुन्हा बाजूला करून आतल्या आवाजात म्हणाल्या, "बाई, खाली लई कोरडं पडलंय, बसवत नाही." किती दिवस झाले विचारलं तर नातीच्या जन्मापासून. नात कॉलेजात होती. मी त्यांना हसले नाही, कारण माझं स्वतःचं सांगायचं तर ५१ व्या वर्षी मलाही हे झालं आणि मी, बाळंतपणं करून केस पिकवलेली बाई, सात महिने ते "ड्युटीचा थकवा" म्हणून ढकलत राहिले.

तर पहिल्यांदा बंद करायच्या गोष्टी. तुरटी आजपासून बंद. तुरटी आकसवते आणि सुकवते, म्हणून तर दाढीच्या जखमेवर फिरवतात. विरलेल्या अस्तरावर ती महिनाभर फिरली, मग आग वाढणारच. साबण, अँटिसेप्टिक, ते सुवासिक धुवायचं पाणी, सगळं बंद. बाहेरून साध्या कोमट पाण्यानं धुवायचं, आत काहीच घालायचं नाही. पाळीचा नेम नाही म्हणून तुम्ही रोज पॅड लावून मशिनीवर बसत असाल, तेही सोडा. दिवसभर घासतं आणि घाम धरतं. सुती निकर, सैल. तुम्हाला ती घरीच शिवता येईल, माझ्यापेक्षा भाग्यवान आहात. आणि घरात खाजेची ट्यूब पडलेली असेल, तीन-चार औषधं एकत्र असलेली, गावात प्रत्येक घरी असते, ती तिथं लावू नका. त्यात स्टेरॉइड असतं, चार दिवस गार वाटतं आणि कातडी आणखी पातळ होते.

लावायच्या गोष्टी दोन प्रकारच्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक ल्युब्रिकंट, म्हणजे संबंधाच्या वेळी लावायची जेली. ती तेवढ्यापुरती. पाण्याची असते, सिलिकॉनची असते. सिलिकॉनची जास्त वेळ टिकते, पाण्याची सहज मिळते आणि सहज धुतली जाते. वासाची, चवीची, गरम-थंड लागणारी नको, विरलेल्या जागेला ती चावते. दुसरं मॉइश्चरायझर. ते क्रीमसारखं दोन-तीन दिवसांतून एकदा लावायचं, संबंध असो नसो, जसं आपण थंडीत टाचांना लावतो. हायलुरोनिक अॅसिड असलेलं मिळालं तर चांगलं. तालुक्याच्या गावी ते मिळेलच असं नाही, जिल्ह्याला मिळतं.

खोबरेल तेल? विचारणार हे माहीत होतं. तुम्हाला चालेल, बाहेरून आणि संबंधाच्या वेळी, शुद्ध असेल तर. ज्यांच्याकडं निरोध वापरतात त्यांनी नाही, तेलानं रबर फाटतं. करडीचं तेल भाजीला ठेवा. तूप, व्हॅसलीन आत घालू नका, तिथं ती साचून राहतात आणि जंतूंची सोय होते. जवसाची चटणी, शतावरी कल्प यांनी ओल परत येते असं सांगणारे भेटतील. चटणी खा, चवीला छान असते. कल्पात साखरच किती असते ते डब्यावर वाचा.

पण हे सगळं वरवरचं. अस्तर पुन्हा जाड करायचं तर त्याला जे कमी पडलंय तेच द्यावं लागतं. इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं. आपल्याकडं बहुधा इस्ट्रिऑलचं लिहून देतात. बहुतेक वेळा पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा, पण प्रमाण तुमची तपासणी करणारी डॉक्टर ठरवेल. वापरायचं कसं हे दवाखान्यात कुणी नीट सांगत नाही, म्हणून सांगते. ट्यूबसोबत पिचकारीसारखी नळी येते, तिच्यावर रेघ असते, रेघेपर्यंतच भरायचं. सगळं आवरून, लघवीला जाऊन आल्यावर, झोपायच्या वेळी, नाही तर उठून फिरलं की गळतं. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा. नळी सरळ घालू नका, कंबरेच्या मणक्याच्या दिशेनं तिरकी, हळूच. ती टोचत असेल तर नळी बाजूला ठेवा, नख कापलेल्या स्वच्छ बोटानं लावा आणि थोडं लघवीच्या तोंडाशीही. पहिले काही दिवस चुरचुरतं. विरलेलं अस्तर कुठलीच गोष्ट आधी गोड मानत नाही. तीन-चार आठवड्यांत फरक कळतो, पुरता परिणाम यायला बारा आठवडे धरा. नळी कोमट पाण्यानं आणि साबणानं धुऊन ठेवा. एक चूक फार जणी करतात: हेच क्रीम संबंधाच्या आधी जेलीसारखं लावतात. नका. ते औषध तुमचं आहे, मालकांच्या अंगात जायला नको. या क्रीमनं वारंवार होणारी लघवीची इन्फेक्शनंही कमी होतात. तुमच्या तीन कोर्सनी जे केलं नाही ते कदाचित हे करेल.

पाकिटातला कागद उघडाल आणि घाबराल. स्तनांचा कॅन्सर, रक्ताच्या गाठी, सगळं त्यात छापलेलं असतं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात हार्मोनच्या पोटात घ्यायच्या गोळ्यांबद्दल हे धोके पुढं आले, आणि त्याच सूचना या क्रीमच्या कागदावरही छापल्या जात राहिल्या. क्रीमचा डोस इतका थोडा असतो की रक्तात फारसं काही उतरत नाही. तरी ज्यांना स्तनांचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर आधी कारण, मग क्रीम. म्हणून तुमचा क्रम ठरला: आधी तपासणी.

तपासणीला घाबरू नका. स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून घालतात ते चिमट्यासारखं उपकरण, घालताना दुखतं असं आधीच सांगा, लहान मापाचं घ्यायला सांगा, जेली लावायला सांगा. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी त्याच बैठकीत करून घ्या. याचं महत्त्व जगाला पटवून देणाऱ्या जागांपैकी एक आपल्या शेजारी आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांना घेऊन एक अभ्यास झाला, १९९९ ला सुरू झाला, २००९ मध्ये छापून आला. ज्या गावांत गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झाली तिथं या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. खेड्यातल्या बायकांनी टेबलावर झोपून हे जगाला दाखवून दिलंय, तुम्हीही झोपाल. गावात बाई डॉक्टर नसेल तर परभणीचं सरकारी रुग्णालय किंवा नांदेडचं सरकारी मेडिकल कॉलेज. सोनोग्राफी लागली तर तीही तिथंच. खाली पांढरे चट्टे, न भरणारी जखम किंवा गाठ असेल तर तेही दाखवा. आणि पुढं पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर कधीही रक्ताचा एक डाग जरी दिसला, तर त्याच आठवड्यात डॉक्टर.

आता जाऊबाई. त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण पिशवीचा, म्हणजे गर्भाशयाचा, या ओलीशी संबंध नाही. ओल येते अंडाशयाच्या जिवावर. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर दहा वर्षांत सावकाश होणारी गोष्ट एका ऑपरेशनमध्ये होते आणि कोरडेपणा, वाफा, हाडं ठिसूळ होणं सगळं एकदम अंगावर येतं. अंडाशय ठेवले तरी काही बायकांचे ते लवकर थकतात. जाऊबाईंना विचारा, तुमचं काय काढलं आणि काय ठेवलं, कागद आहे का? मी हे रोज विचारते, बहुतेकींना माहीत नसतं. "सगळं काढलं" एवढंच सांगतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या काढलेल्या पिशव्यांची बातमी देशभर गेली, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यात तिशीतल्या बायका होत्या, "पांढरं जातंय, पुढं कॅन्सर होईल" एवढ्या भीतीवर टेबलावर गेलेल्या. मला अजून राग येतो, म्हणून इथं थांबते. मोठ्या शहरांतून याच कोरडेपणावर लेझरच्या जाहिराती येतात, "पुन्हा तरुण" वगैरे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्येच त्याबद्दल ताकीद दिलीय. पैसे मशिनीच्या मोटारीला लावा.

मालकांशी बोलायचं राहिलं. रात्री गादीवर बोलू नका. दिवसा, चहाचा कप हातात असताना, सासूबाई देवळात गेलेल्या असताना. लांबण लावू नका. "मन उडालेलं नाही. जागा दुखते, वयानं होतं, औषध सुरू करणार आहे. महिना-दीड महिना तसलं काही नको, पण मी खोलीत परत येते." शेवटचं वाक्य गाळू नका, त्यांना बहुधा तेच ऐकायचंय. पुढं मन झालं तर घाई नको. या वयात अंगाला जागं व्हायला वेळ लागतो, त्यांच्याही. जेली दोघांनी लावायची. तुम्ही वर असाल तर किती आणि कसं याचा ताबा तुमच्याकडं राहतो. दुखलं की थांबायचं. दुखण्याच्या भीतीनं तिथले स्नायूच आवळून बसतात आणि मग अस्तर बरं झालं तरी दुखत राहतं. आणि औषधानं सगळं बरं होऊनही तुम्हाला नकोच वाटलं, तर ते सांगायचा हक्क तुमचाच आहे. क्रीम मात्र सोडायचं नाही. ते मशिनीवर बसण्यासाठी आहे, लघवीसाठी आहे, तुमच्यासाठी आहे.

बाळाला पाजणाऱ्या पंचविशीतल्या पोरीही हे वाचत असतील. तुम्हालाही दूध पाजेपर्यंत असाच कोरडेपणा येतो, कारणही तेच. तुमचा तो पाजणं कमी झालं की जातो, तोवर जेली वापरा.

मेडिकलचं आता. तोंडानं सांगवत नाही ना, मग सांगू नका. शिवणाच्या वहीचं पान फाडा आणि त्यावर लिहा: "पाण्याची ल्युब्रिकंट जेली, एक ट्यूब. लिग्नोकेनची नको." दुसरं वाक्य महत्त्वाचं, कारण नुसती जेली मागितली की कधीकधी भूल देणारी लिग्नोकेनची ट्यूब हातात ठेवतात. त्यानं जागा बधिर होते, चिरा पडतात आणि कळतही नाही. कागद पुढं करा, पैसे ठेवा. पोरगा वाचेल, ट्यूब पिशवीत घालेल आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळेल. त्याची आई तुमच्याच वर्गातली ना? म्हणजे तीही ४८ चीच. निघताना तिची खुशाली विचारा, आणि जमलं तर तिच्या घरी चक्कर मारून या.